‘किमतीसाठी मेसेज करा’

चित्र छान असतं. खाली चार ओळी, दहा हॅशटॅग आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: ‘किमतीसाठी मेसेज करा.’ लातूर, नांदेड, परभणी, बीड, कुठलाही नवा चित्रकार घ्या, इन्स्टाग्रामवर तो हेच लिहितो. माझ्या मते त्याचं सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं. फॉलोअर कमी आहेत, रील चालत नाही, मुंबई लांब आहे, या तक्रारी त्याच्या नंतरच्या.

आपल्याकडे भाव विचारून काही न घेणं हा ओशाळवाणा प्रकार आहे. लातूरच्या गंजगोलाईत, म्हणजे बाजारपेठेत, कापडाच्या दुकानात शिरलेला माणूस रिकाम्या हाताने बाहेर पडताना दुकानदाराची नजर चुकवतो. मग ओळखीच्या पोराच्या चित्राचा भाव विचारून ‘बघतो’ म्हणणं किती अवघड असेल? समजा, जालन्यातल्या एका शिक्षकाला बहिणीच्या वास्तुशांतीला चित्र द्यायचंय आणि खिशात तीन हजार आहेत. चित्राखाली २,७०० लिहिलेलं दिसलं असतं तर त्याने घेतलं असतं. काहीच लिहिलेलं नाही म्हणजे वीसेक हजार असणार, असं धरून तो पुढे सरकतो आणि भिंतीवरचं घड्याळ घेतो. चित्रकाराला याचा पत्ताही लागत नाही, कारण न आलेल्या मेसेजची नोंद कुठेच होत नाही.

भाव न लिहिण्याची कारणं तीन सांगतात. पहिलं, भाव लिहिला की कलेचा बाजार होतो. पण चांगल्या कलादालनांतही चित्रांची किंमतयादी टेबलावर असते, विचारलं की पुढे करतात. दुसरं, शेजारचा चित्रकार भाव पाडेल. ज्याला पाडायचाय तो दुसऱ्या नंबरवरून विचारून पाडतोच. तिसरं कारण खरं आहे आणि ते कोणी मोठ्याने सांगत नाही: गल्लीतल्या काकू आईला विचारतील, ‘एवढ्याला कागद विकतो का गं तुझा पोरगा?’ याला माझ्याकडे उत्तर नाही. ते सोसावं लागतं.

मात्र या तिन्हींच्या मागे बहुतेक वेळा एक चौथं कारण लपलेलं असतं. भाव ठरलेलाच नसतो. मेसेज करणाऱ्याचा डीपी बघून तो ठरतो. पुण्यातला आयटीवाला दिसला तर सहा हजार, गावाकडचा दिसला तर अडीच. मोठ्या शहरात हे खपून जाईल, आपल्या तालुक्याच्या गावात खपत नाही. इथे डॉक्टरांचा कंपाउंडर आणि शाळेचा क्लार्क एकाच लग्नाच्या पंगतीला शेजारी बसतात आणि दोघांच्याही घरी तुमचं पेन्सिल पोर्ट्रेट असतं.

म्हणून आधी हिशेब. फ्रेमवाला पट्टीचा भाव फुटावर सांगतो, गवंडी आपला रोज सांगतो, दोघंही लाजत नाहीत. कित्येक घरांत फ्रेमला दीड हजार लागलेले असतात आणि आतल्या पोर्ट्रेटला आठशे. हे उलटं गणित फ्रेमवाल्याने केलेलं नाही, चित्रकाराने केलंय. फोटोवरून काढायचं ए-३ आकाराचं, दोन चेहऱ्यांचं पेन्सिल पोर्ट्रेट घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, आपापले घालावेत. कागद, पेन्सिली, फिक्सेटिव्ह (पेन्सिलचं काम पुसू नये म्हणून मारायचा फवारा) मिळून २०० रुपये. कामाचे १६ तास, ताशी १७५ प्रमाणे २,८००. फोन, मेसेज, रेखाटन दाखवणं, पार्सल टाकायला जाणं यात दोन तास सहज जातात, त्यांचे ३५०. पॅकिंग १५०, कुरिअर २५०. झाले ३,७५०. यावर दहा टक्के, म्हणजे ३७५, बिघडलेल्या कागदासाठी आणि परत आलेल्या पार्सलसाठी. एकूण ४,१२५, लिहायचे ४,२००. हा आकडा फार वाटत असेल तर ताशी दर कमी करा, पण कमी केलाय हे स्वतःला माहीत असू द्या. नवखे लोक दोन तासांचे ३५० आणि दहा टक्के हमखास विसरतात, आणि नफा तिथेच मुरतो.

मागणीशिवाय स्वतःच्या मनाने केलेल्या कॅनव्हासला तास मोजणं जमत नाही. एखादं तीन दिवसांत होतं, एखादं तीन महिने अडतं. तिथे आकारावर भाव लावतात, आणि त्यातही एक खड्डा आहे. चौरस इंचाला १५ रुपये धरले तर ८ बाय १० इंचाचं चित्र १,२०० रुपयांना जातं आणि २४ बाय ३६ चं १२,९६० ला. छोट्यात तुम्ही बुडता, मोठ्याला गिऱ्हाईक मिळत नाही. त्याऐवजी लांबी आणि रुंदीची बेरीज करून तिला दर लावा. १८ इंचांना १५० प्रमाणे २,७०० आणि ६० इंचांना ९,०००. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत हीच रीत बरी. भाव वर्षातून एकदाच वाढवावा, आणि सगळ्या आकारांचा एकदम. एखादं चित्र स्वतःला फार आवडलं म्हणून त्याचा भाव तिप्पट करायचा मोह होतो. तेव्हा ते विकायला न ठेवणं जास्त प्रामाणिक.

एकदा भाव लिहिला की फोटोची जबाबदारी वाढते. लोक चित्र मनात मोठं धरतात, पार्सल उघडल्यावर ‘एवढंसंच?’ म्हणतात. त्यामुळे एक फोटो नुसत्या चित्राचा, एक भिंतीवर लावलेला, शेजारी खुर्ची किंवा स्विचबोर्ड दिसेल असा, आणि एक मोजपट्टी लावून. चित्र सावलीतल्या उजेडात ठेवा, सकाळी आठ ते दहा, थेट ऊन नको. अंगणातल्या लिंबाखाली फोटो काढला तर पांढऱ्या जागांवर हिरवट झाक येते. निळ्या ऑइलपेंटच्या भिंतीसमोर निळी येते. मोबाइल चित्राला अगदी समांतर धरा. जवळ जाऊन टिपण्यापेक्षा दीड-दोन मीटर मागे सरून दोनपट (2x) लेन्सने घ्या, म्हणजे कडा फुगत नाहीत. इन्स्टाग्रामवर १,०८० पिक्सेल रुंदीचीच प्रत टाका. इंचाला ३०० ठिपक्यांच्या छपाईत त्यातून जेमतेम ९ सेंटिमीटर रुंदीची चांगली प्रिंट निघते, चोराला तेवढीच. चित्रावर आडवा भलामोठा वॉटरमार्क टाकून स्वतःच ते विद्रूप करायची गरज नाही.

पॅकिंगबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. भाव जाहीर करायचा तर पोचवण्याचा खर्च आधी माहीत हवा, आणि नवा चित्रकार पहिला मोठा मार तिथेच खातो. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणतात, साधारणपणे ५,००० ने भागतात, आणि तो आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर त्याचे पैसे लावतात. चौकटीवर ताणलेला २४ बाय ३६ इंचांचा कॅनव्हास खोक्यात घातला की ७१ बाय १०१ बाय १२ सेंटिमीटर होतो. भागाकार येतो १७.२ किलो. प्रत्यक्षात तो चार किलोचाही नसतो. नऊ हजारांच्या चित्रातला मोठा घास इथे जातो, नाहीतर गिऱ्हाइकाकडे ‘अजून थोडे पाठवा’ म्हणत तोंड वेंगाडावं लागतं.

यावरचा उपाय आपल्या भागात प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात पडलेला असतो: शेतीच्या पाईपलाइनचा पीव्हीसी पाईप. कॅनव्हास चौकटीवरून सोडवायचा. ११० मिलिमीटर व्यासाच्या पाईपवर बटर पेपर गुंडाळायचा, त्यावर कॅनव्हास, आणि रंगाची बाजू बाहेर. बहुतेक जण चित्र ‘जपायला’ ते आत ठेवून गुंडाळतात. मग रंगाचा थर आतल्या आत दाबला जातो, सुरकुततो, उलगडताना तडकतो. बाहेर ठेवला तर तो किंचित ताणला जातो आणि पुन्हा बसतो. वरून परत बटर पेपर, मग पातळ फोम, आणि हे सगळं १६० मिलिमीटरच्या पाईपात. दोन्ही टोकांना कॅप, वर टेप. पाईप ७५ सेंटिमीटरचा पुरतो. भागाकार आता ३.८४ किलो. हे फक्त पातळ थराच्या ॲक्रिलिकला चालतं. नाइफने जाड रंग लावलेला कॅनव्हास कधीच गुंडाळू नये, आणि तैलरंगाचं चित्र वरून कोरडं वाटलं तरी आतून वाळायला महिनोन् महिने लागतात. भावाखाली ‘गुंडाळून पाठवला जाईल, चौकट तुमच्या गावी’ अशी एक ओळ लिहिली की पुढचा वाद मिटतो.

चौकटीसकट पाठवायचंच असेल तर बबल रॅप थेट रंगावर लावू नका. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, बंद टेम्पोत त्याहून जास्त. ॲक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं आणि बबलचे गोल ठसे चित्रावर कायमचे उमटतात. आधी बटर पेपर किंवा ग्लासीन (गुळगुळीत, न चिकटणारा कागद), मग कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण, मग फोम, मग बबल रॅप, त्याचे फुगे बाहेरच्या बाजूला. पाच थरांचं खोकं, चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर भरण. खोकं कानाशी धरून हलवा. आवाज आला तर पुन्हा उघडा. काच पाठवू नका, ॲक्रिलिक शीट लावा किंवा फ्रेमशिवाय द्या. कागदावरचं काम दोन पुठ्ठ्यांत बसवताना एका पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवा, म्हणजे ते कुठल्याच बाजूने वाकत नाही. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाका. पत्ता खोक्याच्या आतही एका चिठ्ठीवर लिहा. पॅकिंगचा न थांबवता घेतलेला व्हिडिओ आणि मोजपट्टी लावलेला खोक्याचा फोटो जपून ठेवा; आकारमानावरून जास्त पैसे लावले किंवा माल फुटला तर तोच पुरावा. पार्सल सोमवारी-मंगळवारी टाकावं. शुक्रवारचं पार्सल रविवारभर कुठल्यातरी गोदामात पत्र्याखाली तापत पडतं.

पुण्या-मुंबईला रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल पाठवायची आपल्याकडे पद्धत आहे. आकारमानाचा भागाकार नाही, स्वस्तही पडतं. पण ट्रॅकिंग नाही, नुकसानभरपाई नाही, आणि गिऱ्हाइकाला पहाटे पाचला बस थांबते तिथे उभं राहावं लागतं. ओळखीच्या माणसाला चालेल. अनोळख्याला आधी विचारा.

मराठवाड्यात ऑनलाइन चित्रं विकणाऱ्यांपैकी बहुतेकांचं पोट पोर्ट्रेटवर चालतं. लग्नाचा वाढदिवस, निवृत्ती, गेलेले वडील. आलेला फोटो बहुधा असा असतो: भिंतीवरच्या, हार घातलेल्या फ्रेमचा, खालून तिरका काढलेला, काचेत ट्यूबलाइट चमकतेय. त्यावर काम सुरू करू नका. फोटो फ्रेममधून काढून झेरॉक्सच्या दुकानात ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून आणा, असं नम्रपणे सांगा. पासपोर्ट आकाराच्या फोटोतूनही मग साधारण ८२७ बाय १,०६३ पिक्सेल मिळतात, डोळ्यांचे तपशील दिसायला पुरेसे. आणि व्हॉट्सॲपवर तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून अर्धा होतो. मग पैसे घेण्याआधी असा एक मेसेज:

“नमस्कार ताई. ऑर्डर अशी ठरली: ए-३ आकार, पेन्सिल, दोन चेहरे, फ्रेमशिवाय. किंमत ४,२०० रुपये, कुरिअर धरून. निम्मे आत्ता, निम्मे पूर्ण चित्राचा फोटो पाहिल्यावर, पाठवण्याआधी. कच्चं रेखाटन शनिवारी दाखवतो, त्यात दोनदा बदल करून देईन. छटा भरायला घेतल्यावर चेहरा किंवा कपडे बदलायचे झाले तर वेगळे पैसे होतील. रेखाटन मंजूर झाल्यावर ऑर्डर रद्द केली तर आगाऊ रक्कम परत होणार नाही. चित्र तुमचं, कॉपीराइट माझ्याकडे राहील. तुम्हाला विचारल्याशिवाय मी त्याच्या प्रिंट विकणार नाही. पटत असेल तर ‘मान्य’ असं लिहून पाठवा.”

यातलं कॉपीराइटचं वाक्य शोभेचं नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की मोबदला देऊन कोणी चित्र किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं, तर उलट काही ठरलं नसेल तेव्हा कॉपीराइटचा पहिला मालक ते काढून घेणारा असतो. म्हणजे ऑर्डरचं काम आणि मनाने केलेलं काम कायद्यापुढे सारखं नाही. मनाने केलेलं चित्र विकलं तरी कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. तो लेखी आणि सहीनिशी दिल्याशिवाय जात नाही. लेखी दिला पण मुदत लिहिली नाही तर पाच वर्षांचा आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता धरतात. शिवाय कलम ५३-अ आहे: मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर कॉपीराइटचा पहिला मालक असलेल्या चित्रकाराला त्यात वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के. तो वसूल करणं सोपं नाही, हे मान्य. पण कुठलं चित्र, कुणाला, कधी, कितीला, एवढी चार रकान्यांची वहीसुद्धा ठेवली नसेल तर मागणार कुणाकडे?

अजिंठ्याचा बोधिसत्त्व पद्मपाणी काढून विकणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पहिल्या लेणीतल्या त्या चित्रावर आज कुणाचाही कॉपीराइट नाही, खुशाल काढा. मात्र ज्या फोटोवरून काढता तो फोटो कुणाचातरी असतो. लेणीत जाऊन स्केचबुकात काढलेला पद्मपाणी आणि कॅलेंडरवरून उचललेला पद्मपाणी यांत कायद्याचाही फरक आहे आणि रेषेचाही. आणि भावासोबत ‘प्रतिकृती’ हा शब्द लिहावा.

फुकट कामाचं काय? ‘नाव होईल’ म्हणत दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, मंडळाची कमान, मित्राच्या कॅफेची भिंत मागणारे येतातच. फुकट करूच नये असं मी म्हणणार नाही. चांगल्या छोट्या अंकासाठी आनंदाने करावं. पण बिल पाठवावं: मुखपृष्ठ ४,००० रुपये, सवलत ४,०००, देय शून्य, वापर फक्त याच अंकापुरता. समोरच्याला भाव कळतो आणि पुढच्या वर्षी तो शून्यापासून सुरुवात करत नाही. ‘आलेली सर्व चित्रं आयोजकांच्या मालकीची राहतील’ असं लिहिलेल्या स्पर्धांना मात्र सरळ नकार द्यावा.

भाव लिहिल्याचा एक अनपेक्षित फायदा म्हणजे ठग ओळखू येतात. आपल्याकडचं खरं गिऱ्हाईक घासाघीस करतं, आकार विचारतं, कागद विचारतं. जो काहीच न विचारता ‘तिन्ही घेतो’ म्हणतो, जास्त रक्कम पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवतो आणि वरचे पैसे वाहतूकवाल्याला द्यायला सांगतो, किंवा तुमचं चित्र एनएफटी (चित्राच्या मालकीची डिजिटल नोंद) म्हणून लाखोंना घेतो पण आधी तुम्ही ‘गॅस फी’, म्हणजे त्या नोंदीचा खर्च, भरा म्हणतो, तो चित्र घ्यायला आलेला नाही. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, कधीच. खात्यात रक्कम दिसेपर्यंत स्क्रीनशॉटला किंमत नाही. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते.

कराचा परिच्छेद कंटाळवाणा आहे, थोडक्यात उरकतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वस्तू विकताना वर्षाच्या ४० लाख उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ई-कॉमर्स संकेतस्थळावरूनही, राज्यातल्या राज्यात, छोट्या विक्रेत्याला ही सूट आहे. राज्याबाहेर माल गेला की एरवी पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या यादीतल्या वस्तूंना त्यातून सवलत आहे आणि हाताने काढलेलं चित्र त्या यादीत आहे. पण त्यासाठी पॅन आणि, किंमत कितीही कमी असली तरी, ई-वे बिल (माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल) लागतं. मशिनवर छापलेल्या प्रिंटला ही सवलत गृहीत धरू नका. बंगळुरूचं पहिलं पार्सल टाकण्याआधी एकदा सीएकडे जाऊन या.

राहिली घासाघीस. भाव लिहिला म्हणून ती थांबत नाही. ‘भाऊ, बघा ना थोडं कमी करून’ येणारच. भाव कमी केला तर वहीतल्या आधीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्ही जास्त लावला, असा त्याचा अर्थ होतो. आकार कमी करा: ‘ताई, याच भावात नाही जमणार, पण ए-४ मध्ये एक चेहरा २,३०० मध्ये करून देतो.’ व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक चित्राखाली किमतीचा रकाना असतो. तो आज रात्री भरा. उद्या सकाळी पहिला मेसेज गिऱ्हाइकाचा नसेल, मावशीचा असेल: ‘एवढे कसले रे?’ तिला वरचा १६ तासांचा हिशेब पाठवून द्या.